माल्टाची भाकरी आणि गावची सुकी मांदेली

नाही गं बायांनो, पिझ्झा नव्हता तो. फतीरा होता, माल्टा देशातली बटाटे घातलेली भाकरी. सुनेच्या मोबाईलवर बघितली.

आम्ही इकडे आखातात, हमरियात चौथ्या माळ्यावर राहतो. मुलगा-सून कामावर जातात. दार आतून उघडतं, पण बाहेर पडून ओढलं की आपोआप लॉक होतं आणि जादा किल्ली मला देत नाहीत. म्हणतात, "आई, तू हरवशील." चार महिने मी आतच आहे.

आज यीस्ट घातलेलं पीठ भाकरीसारखं थापलं. वर बटाट्याच्या चकत्या, टोमॅटो, ऑलिव्ह लावले. खारवलेले मासे हवे होते, तर गावाहून आणलेली सुकी मांदेली पसरली आणि ओव्हनमध्ये सारली.

दहा मिनिटांत समोरची केरळची शेजारीण नाक दाबून दारात आली. "दीदी, कौन मर गया?"

"मैं तो अभी जिंदा है. आओ, खाओ."

तिने दोन तुकडे खाल्ले आणि तासभर बसली.

मग मुलाचा फोन. "आई, वॉचमन तक्रार करतोय." म्हटलं, "मांदेली चुकून जास्त पडली रे."

तुम्हाला घर खायला उठलं की तुम्ही काय करता?

मी मुलाशी खोटं बोलले. कुणीतरी दार वाजवावं म्हणून मांदेली मीच मूठभर जास्त घातली.