रफूवालीचं उसनं घर

रफूवालीचा हात असा, की कोट नीट करून नेलेला माणूस घरी जाऊन भोक शोधत बसायचा. नवरा गेल्यावर त्या एका सुईवर तिनं लेक वाढवली आणि पोरगी पार विद्यापीठात पोचली. पण दुसऱ्या वर्षाची फी समोर आली आणि मायलेकींच्या तोंडचं पाणी पळालं. हुशार मुलांची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. कर्ज काढावं तर बँकेला जामीन हवा, आणि जामिनाचं नाव काढलं की सख्खा दीरही फोन उचलेना. राहिली ती गरजू मुलांसाठीची विद्यापीठाची मदत. पण त्यासाठी तिथल्या बाई आधी घर बघून जाणार होत्या.

"आई, घर आहे तसं राहू दे हं," लेक बजावून गेली.

राहू देते कसली! पाहुणी यायची आणि बसायला धड खुर्ची नाही? शेजारची केकवाली धावून आली. तिनं सोफा दिला, पडदे लावले, दोन माणसं लावून आपला फ्रिजसुद्धा आणून ठेवला. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, पण थाट काय विचारता!

लेक बाईंना घेऊन आली आणि दारातच पांढरीफटक पडली. बाई सोफ्यावर टेकल्या. "छान ठेवलंय घर. फ्रिज नवा दिसतोय?"

तेव्हा कुठं रफूवालीच्या डोक्यात उजेड पडला. लाज गिळून ती म्हणाली, "बाई, यातलं काही माझं नाही हो. सगळं उसनं आणलंय."

"सगळे असंच म्हणतात."

"मग शेजारणीला विचारा! अगं ए, ये इकडे. खरं सांग यांना, फ्रिज कुणाचा?"

केकवाली हात पुसत आली. मैत्रिणीची अब्रू राखायची म्हणून तिनं हळूच डोळा मिचकावला. "तिचाच की! लाजते मेली. अहो, राणीसारखी राहते आमची रफूवाली."

झालं. बाईंनी काय ते लिहिलं आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी रफूवाली त्यांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. "बाई, आज या. आत्ता या, न सांगता या." बाई वाईट नव्हत्या, पण कागद वर गेला होता. म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. तोवर विद्यापीठाच्या स्वयंपाकघरात पहाटे भांडी घासायचं काम आहे, त्याचे पैसे फीत वळते होतात.

लेकीनं ते काम धरलं. आईला एका शब्दानं बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर रफूवालीला घास तरी गेला असता.

एक दिवस केकवालीनं जिन्यात गाठलं. "काय गं, मिळाली ना मदत? माझा सोफा पायगुणाचा आहे, म्हटलं नव्हतं?"

तिचा तो फुललेला चेहरा बघून खरं सांगायला रफूवालीची जीभच उचलेना. "मिळाली," ती म्हणाली.

"मग पोरगी एवढ्या पहाटे जाते कुठं?"

"पहाटेचे तास असतात गं तिकडं."