पाचव्या भागातला कप्तान

"पाचव्या भागापासून त्या कप्तानानं सिनेमाची माती केली, एवढं तू कबूल कर. मंग मी उठतो," हर्षल म्हणाला.

कामरान कबूल करणार नव्हता. त्याच्या मते माती सहाव्यात झाली होती, आणि तीही कप्तानानं नव्हे, दीड तास लढाई लांबवणाऱ्या दिग्दर्शकानं केली होती. पाचवा अर्धा तरी चांगला होता. अर्धा म्हणजे कोणता अर्धा, असं हर्षलनं विचारलं आणि दोघांचा आवाज आणखी चढला. चढवावाच लागत होता, कारण शेजारी गिरणी चालू होती.

धाड गावच्या बाजाररस्त्यावर हर्षलचे वडील भगवानराव यांची पिठाची गिरणी आणि कामरानचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान एकाच पत्र्याखाली आहे. मधे कमरेएवढी भिंत. हर्षल बुलडाण्याच्या कॉलेजातून दुपारी जीपनं परतला की त्या भिंतीवर बसतो आणि अंतराळातल्या सिनेमांचं भांडण आदल्या दिवशी जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू होतं. बावीस वर्षांत आठ भाग आले. राहायला जागा शोधत निघालेलं गावाएवढं जहाज, त्याचा कप्तान, कप्तानाची पोरगी मिरेल आणि जहाज बळकवायला टपलेले नाना तऱ्हेचे लोक. पहिला भाग आला तेव्हा या दोघांचा जन्मही झाला नव्हता. पण कोणत्या भागात जहाजाचा कोणता दरवाजा वाकडा लागला, इथपर्यंत सगळं त्यांना पाठ होतं.

भिंतीपलीकडं वंदना एका डब्यातला मका गिरणीत ओतत होती. ओतता ओतताच ती म्हणाली, "कप्तान कायची माती करते? तो तं चौथ्यातच मेला."

"मेला नाही, मावशी. पाचव्यात हाय की तो," हर्षल म्हणाला.

"तो नाही. त्याचा कोट घालून दुसराच कोनी येते."

हर्षल हसला. कामरान हसला नाही. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तो वंदनाकडं बघत राहिला.

वंदनानं आठही भाग पाहिले होते, आणि एकाही भागातला एक शब्द ऐकलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कामराननं तिच्या मोबाइलच्या कार्डात ते सिनेमे भरून दिले. तराजूमागच्या तेलाच्या डब्याला मोबाइल टेकवून ती दळता दळता बघे. गिरणीच्या आवाजात मोबाइलचा आवाज तो काय ऐकू येणार. कानात वायर घालून बघ, असं हर्षलनं एकदा सांगितलं होतं. पण वंदनाचे कान रिकामे नसत. वरचं धान्य सरत आलं की दगडांचा आवाज पातळ होतो, तेव्हा लगेच दुसरं ओतावं लागतं, नाहीतर दगडावर दगड घासून पिठात कच उतरते. पट्टा सैल झाला की आधी कानाला कळतं, मग डोळ्यांना. घरी गेल्यावर स्वयंपाक, सासूबाईंचं औषध, भांडी. आवाज ऐकण्याची वेळ आलीच नाही. तिला कधी उणीवही वाटली नाही. माणसं काय करतात ते दिसतच होतं.

आणि तिला जे दिसलं ते असं होतं. चौथ्या भागाच्या शेवटी जहाजात मोठा स्फोट होतो आणि धुरात कप्तान दिसेनासा होतो. पाचव्यात त्याच्या कोटात, त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस येऊन बसतो. जुना कप्तान पेला डाव्या हातात धरायचा, हा उजव्या. जुना बोलणाऱ्याकडं वाकून ऐकायचा, हा लोकांच्या डोक्यावरून बघतो. जहाज चालवायला कोणीतरी हवंच, म्हणून सगळे गप्प राहतात. पोरगी पण गप्प राहते. पण ती पहिला अर्धा तास त्याच्याकडं बघत नाही, आणि पेला त्याच्या हातात न देता बाजूला ठेवते. सहाव्यात ती त्याची फाटलेली बाही शिवते, मान खाली घालून. सातव्यात तो तिला आगीतून उचलून आणतो. आठव्यात कुठं ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते.

"चार भाग लागले तिले," वंदना म्हणाली. "म्हनून मले पाचव्यापासून पुढचेच आवडतात. पहिले चार काय, धूमधडाका."

दळणाला येणाऱ्या पाच-सहा जणींनाही तिनं हीच गोष्ट सांगितली होती. नंबर लागेपर्यंत त्या तिच्या तराजूपाशी उभ्या राहून बघत, आणि त्या तोतयाचं पुढं काय झालं हे पुढच्या दळणाला आल्यावर आठवणीनं विचारत.

"लई भारी, मावशी," कामरान म्हणाला. तो पण तिला मावशीच म्हणायचा, हर्षलचं ऐकून. "असा पाह्यला तं पाचवा येकदम सही हाय."

"सही काय बे? चूक हाय ते," हर्षल म्हणाला. बायकांमधली ती गोष्ट उद्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत गेली तर काय, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं असावं. कामरान डोळ्यांनी नको नको म्हणत होता, तरी हर्षलनं सांगून टाकलं. जुन्या नटाचं आणि कंपनीचं बिनसलं, तो सोडून गेला. कंपनीनं दुसरा नट आणला. नाव तेच, कोट तोच. सिनेमातल्या लोकांच्या लेखी तो पहिलाच कप्तान. तोतया वगैरे काही नाही. त्या पोरीला नव्या माणसाबरोबर काम जमत नव्हतं म्हणून ती अवघडल्यासारखी दिसते. तिच्यावरही लोकांनी टीका केली होती.

"तू आवाज ऐकला असता तं पहिल्या मिनिटाले समजलं असतं," तो शेवटी म्हणाला.

मका संपत आला होता. वंदनानं दुसरा डबा उचलला नाही. तिनं बटण बंद केलं. पट्टा फटफट करत थांबला आणि बाजाररस्त्यावरचे आवाज एकदम आत आले, जीपवाल्याची हाळी, कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं.

हर्षलला वाटलं तिला वाईट वाटलं. तसं काही दिसत नव्हतं. नवीन वाणाची ज्वारी कुणी आणली की ती जशी मूठभर हातात घेऊन दाताखाली एक दाणा फोडून बघते, तशी ती बघत होती.

"म्हंजे जहाजावरचं कोनीच म्हटलं नाही, का हा तो नाही म्हनून?"

"त्याइच्यासाठी तो तोच हाय ना, मावशी."

"अन ते काम करनारी पोरगी? तिले तं माहीत असन. चार सिनेमे येका मानसाले बाप म्हटलं, अन येका सकाळी दुसराच येऊन उभा राह्यला असन त्याच कोटात. कसं म्हटलं असन तिनं?"

"पैसे भेटतात त्याइले."

"पैसे तं मान हलवाचेही भेटतात," वंदना म्हणाली. "मी बाप म्हनायचं इचारून राह्यली."

हर्षल नखानं भिंतीवरचं पीठ खरवडू लागला.

सतरा वर्षांपूर्वी वंदना देऊळघाटहून या घरात आली तेव्हा ती बावीसची होती आणि हर्षल चारचा. तिची थोरली बहीण, हर्षलची आई, कावीळ होऊन सहा दिवसांत गेली होती. पोराला परकी बाई कशाला, असं दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं आणि वर्षश्राद्ध झाल्यावर धाकटीला त्याच घरात दिली. थोरलीच्या साड्या पेटीत होत्या. वाया कशाला घालवायच्या, असं सासूबाई म्हणाल्या म्हणून तिनं त्या नेसून फाडल्या. थोरली गिरणीवर बसायची म्हणून ही पण बसली. पहिले सहा महिने हर्षल तिच्या हातची भाकर घेत नव्हता. आजीनं त्याच ताटातली मोडून दिली की खायचा. दळण आणणाऱ्या बायका थोरलीला हर्षलची माय म्हणत, हिलाही हर्षलची माय म्हणू लागल्या. कोणाला काही वेगळं करावं लागलं नाही. एकटा हर्षलच तिला आधीपासून मावशी म्हणायचा, कारण ती मावशी होती, आणि तो तेच म्हणत राहिला. कोणी त्याला बदलायला सांगितलं नाही. वंदनानं तर कधीच नाही.

"पाचव्यात काय म्हनते ते त्याले?" तिनं विचारलं.

"कोन?"

"मिरेल. त्या दुसऱ्याले काय म्हनून हाक मारते?"

"बाबा," हर्षल ताबडतोब म्हणाला.

कामराननं मान हलवली. "नाही बे. बाबा पहिल्या चारात. पाचव्यात कप्तान म्हनते. सगळे म्हनतात तसं."

"काहीही सांगतो. जहाज तुटते तेव्हा जोरानं वरडते ते, बाबा म्हनून."

"ते तिसऱ्यात. तेव्हा जुना होता."

हर्षलच्या चेहऱ्यावर हिशेब चुकल्यासारखं काही आलं. जहाजाच्या वाकड्या दरवाजावर तासभर भांडणाऱ्या त्या दोघांनाही हे छातीठोक सांगता येईना.

"अन आठव्यात?" वंदनानं विचारलं. "खांद्यावर हात ठेवते तवा काही म्हनते का? तोंड हलते तिचं. मी धा वेळा पाह्यलं. हलते."

आठव्यातलंही कोणाला आठवेना. तिथं मागं मोठं संगीत आहे, एवढं कामराननं सांगितलं.

"गिरनी बंदच हाय. पाहून घेऊ आताच," म्हणत हर्षलनं भिंतीवरून हात लांबवून तेलाच्या डब्याला टेकलेला मोबाइल घेतला. वंदनानं त्यावर हात ठेवला. पिठाची पाच बोटं काचेवर उमटली.

"असं मधूनच नाही."

"येका मिनिटाचं काम हाय, मावशी."

"नसू दे."

"बाबा म्हटलं का कप्तान म्हटलं, त्यानं काय होते?" हर्षल जरा चिडूनच म्हणाला. "बाही तं शिवतेच ना ते पोरगी. आगीतून तं आनतेच ना तो."

"काही नाही होत," वंदना म्हणाली. "मले फक्त ऐकायचं हाय."

मोबाइल पदराला पुसून तिनं कमरेला खोचला आणि पुन्हा बटण दाबलं. पुढचा डबा गव्हाचा होता. मक्यानंतर गहू टाकायचा तर आधी थोडा गहू घालून दगड साफ करून घ्यावे लागतात. ते पीठ तिनं वेगळं काढलं. हर्षल भिंतीवरच बसून होता. कामराननं विषय पुन्हा सहाव्या भागाकडं नेला, पण हर्षलचं लक्ष लागलं नाही. थोड्या वेळानं तो उठला आणि न सांगता दळलेले डबे ओळीनं दाराशी आणून ठेवू लागला. एरवी तो कपड्यांना पीठ लागतं म्हणून आत येत नसे.

चार वाजता गिरणीमागच्या घरात चहा झाला. सासूबाई रुखमाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि भगवानराव पत्र्याच्या खुर्चीवर बसून येत्या आठवड्याचं बोलत होते. रविवारी अर्जुनरावांच्या घरी कार्यक्रम होता, त्यांचं दोन क्विंटल दळण येणार होतं. सकाळी लवकर गिरणी चालू करावी लागेल, असं ते म्हणाले.

वंदनानं सगळ्यांना चहा दिला. हर्षलचा कप तिनं त्याच्या पुढ्यात ठेवायला हात पुढं केला, तेवढ्यात त्यानं तो तिच्या हातातून घेतला. मग ती दारात टेकली.

"अर्जुनरावाइले दळन शनवारी आनाले सांगा," ती भगवानरावांना म्हणाली. "रईवारी गिरनी बंद राहीन. त्याच्या पुढच्या रईवारीही."

भगवानरावांनी कप खाली ठेवला. सतरा वर्षांत गिरणी सुतकाचे दिवस सोडले तर दिवसभर बंद राहिली नव्हती. रुखमाबाईंनी शेंग हातात तशीच धरून विचारलं, "काऊन वं? कोठी जातं?"

"कुठी नाही. घरीच हाओ. येका रईवारी चार सिनेमे, दुसऱ्या रईवारी चार. पहिल्यापासून पाह्यते, आवाज मोठा करून. हर्षल बसन मह्याजवळ. सयपाक सकाळीच करून ठेवीन, कोनी मधात हाक मारू नका."