आम्हा पाणीवाल्यांची धाकधूक

आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र आहे. बोअरचं पाणी जड, त्यामुळे त्याच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. तो खरवडायचा, की थोड्या दिवसांनी पुन्हा चढलेला. रिसर्च करणाऱ्यांचे किस्से असेच साचतात. रिझल्ट यायला वर्षं लागतात, किस्सा मात्र दर आठवड्याला एक तयार.

जळगावच्या बाहेर, टेकडीखालच्या आमच्या डिपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं पीएच.डी. करतो. मी वैशाली, नरडाण्याजवळच्या खेड्यातली. नसरीन जळगावातल्याच मेहरूणची, तिच्या अब्बूंचं शिवणकामाचं दुकान आहे. आणि योगेश यावलकडचा, केळीच्या बागांमध्ये वाढलेला. विषय तिघांचा एकच, पाणी खराब कसं होतं आणि ते सुधारायचं कसं. गाइडही एकच. त्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणतो. आणि तिघांना एकच आजार आहे, तो म्हणजे सतत वाटणारी भीती. सॅम्पल गरम होईल, लाइट जाईल, आकडा चुकेल, सर विचारतील.

*

योगेश बागांमधून वाहणाऱ्या नाल्याचे नमुने घेतो. ते बर्फात ठेवून लवकरात लवकर लॅबला आणावे लागतात. एकदा उन्हाळ्यात तो थर्माकोलचा पांढरा डबा मांडीवर घेऊन यावलहून एस.टी.त बसला. बर्फ वितळायला लागला होता. तो दर दोन मिनिटांनी झाकण जरासं उचलून आत बघायचा आणि घाम पुसायचा.

शेजारच्या आजींनी विचारलं, “काय आहे बाबा त्याच्यात?”

“सॅम्पल आहे आजी. वेळेत जळगावला पोचलं नाही तर सगळं संपलं.”

आजींनी डब्याकडे नीट बघितलं. मग त्या मागच्या बाईशी काहीतरी कुजबुजल्या. मागची बाई कंडक्टरशी कुजबुजली. कंडक्टर पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी वाकला. गाडीने एकदम वेग घेतला.

भुसावळच्या स्टँडवर ड्रायव्हर चहाला उतरला नाही. “ज्याला उतरायचं त्याने पटकन उतरा,” एवढंच ओरडला. एका माणसाने खिडकीजवळची जागा योगेशला दिली. दुसऱ्याने आपल्या थंड पाण्याची बाटली डब्याला टेकवून धरली. योगेश म्हणतो, तोपर्यंत मला वाटत होतं की लोकांना पर्यावरणाची किती काळजी आहे.

जळगावला गाडी थांबली. ड्रायव्हर केबिनमधून खाली आला, डब्याला हात लावून त्याने तो हात कपाळाला लावला आणि म्हणाला, “किडनी देणाऱ्याच्या घरच्यांना माझा नमस्कार सांग.”

योगेश म्हणाला, “सांगतो.”

*

एका टेस्टमध्ये पाण्याच्या बाटल्या पाच दिवस वीस डिग्रीला, अंधारात ठेवाव्या लागतात. आमचा इन्क्युबेटर मे महिन्यात बंद पडला. बाहेर पत्र्यावर पापड भाजतील असं ऊन. मेकॅनिक नाशिकहून यायचा होता आणि नसरीनच्या बाटल्यांचा दुसराच दिवस होता. ते नमुने गेले असते तर त्या ऋतूचं काम पुढच्या वर्षावर पडलं असतं. ती बाकावर बसून नखं खात होती.

योगेशच्या मामांचं केळी पिकवायचं चेंबर आहे, यावलकडे. मोठी थंड खोली, तापमान हवं ते लावता येतं, लाइट गेली तर जनरेटर. योगेशने फोन केला. मामा म्हणाले, “एक खोली रिकामी आहे. पण बाटलीत काय आहे?”

“पाणी.”

“कसलं पाणी?”

योगेशला खोटं बोलता येत नाही. “गटारीचं.”

तिकडे मामांनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “अंधार पडल्यावर आणा. आणि कोणाला सांगू नका.”

केळीच्या व्यापाऱ्याकडे गटारीचं पाणी ठेवलंय, ही बातमी फुटली असती तर मामांचा माल कोणी घेतला नसता. त्यांना त्याची धास्ती, आम्हाला बाटल्यांची. काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्या आम्ही गोणपाटाखाली झाकून आत नेल्या. मामांनी कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. पुढचे दिवस ते दर सकाळी योगेशला फोन करून विचारायचे, “झालं का रे तुमचं?”

झालं. नसरीनचे आकडे स्वच्छ आले. बाटल्या परत आणल्या, खोली धुतली, मामांनी सुस्कारा टाकला. पण गोणपाटाखालून निघालेल्या बाटल्या समोरच्या व्यापाऱ्याने पाहिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्याने योगेशला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “मामाने पिकवायचं जे नवीन औषध आणलं ना, काळ्या बाटलीतलं, ते मला मिळेल का?”

*

सरांचा एक प्रश्न ठरलेला आहे. तुम्ही कितीही आनंदाने आकडा घेऊन जा, ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “पुन्हा केलंस का?” एकदा आलेला आकडा त्यांच्या लेखी आकडाच नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या छातीत दुखायला लागलं. डिपार्टमेंटमधूनच त्यांना रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. बाई, म्हणजे सरांच्या मिसेस, पुण्याला मुलीकडे होत्या. त्या येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये आम्हीच. नसरीन पुटपुटत दुआ मागत होती. योगेश उगाच पंख्याकडे बघत होता. आणि खरं सांगते, सरांचं काय होईल याच्या जोडीला आपल्या थिसिसचं काय होईल हेही तिघांच्या मनात येऊन जात होतं, आणि म्हणून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आत गेले, मागोमाग आम्हीही. लगेच अँजिओग्राफी करावी लागेल म्हणाले. सरांनी पडल्या पडल्या विचारलं, “टेस्ट पुन्हा केली का?”

“गरज नाही. आकडा स्पष्ट आहे.”

“एकदाच केलेली टेस्ट मी मानत नाही.”

डॉक्टर आमच्याकडे बघायला लागले. आम्ही मान खाली घातली. शेवटी तयारी चालू असतानाच दुसरं सॅम्पल घेतलं गेलं. आम्ही देवाकडे मागत होतो की पहिला आकडा चुकलेला असू दे. उभ्या आयुष्यात स्वतःच्या लॅबसाठी आम्ही असं कधी मागितलं नव्हतं.

दुसरा आकडा आला. जवळपास तोच.

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा सरांचा चेहरा निवळलेला होता. आमच्याजवळ आल्यावर त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, “जुळतोय. आता करू द्या त्यांना काय करायचं ते.”

*

मला बघायला धुळ्याचं स्थळ आलं होतं. मुलाचं घरगुती वॉटर फिल्टर विकायचं दुकान. वडील म्हणाले, “बघ, तुझ्याच लाइनचा आहे.” त्यांच्या मनात माझं कुठेतरी जुळावं एवढंच होतं. माझं वय आणि माझा विषय, दोन्ही त्यांना लोकांपुढे सांगताना जड जायचं. ‘सांडपाणी’ म्हणायचं नाही, ‘जलशुद्धीकरण’ म्हणायचं, अशी त्यांनी मला सकाळीच ताकीद दिली होती.

पोहे झाले. मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, “मग आमचं आरओचं पाणी तपासलं तर शंभर मार्क मिळतील ना?”

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी बशीकडे बघितलं. मग तोंडातून निघूनच गेलं, “तुमच्या भागात धरणाचं पाणी येतं ना काकू? मग आरओची गरजच नाही. साधा फिल्टर पुरेल. आरओत निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं.”

मुलगा मान हलवत होता. त्याला ते आधीच माहीत असावं. त्याच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. माझ्या वडिलांनी स्पीकरवर घेतला. मध्यस्थ म्हणाले, “मुलगी सगळ्यांना पसंत आहे. पण ते म्हणतात, गिऱ्हाईक आलं की हिला आत बसवावं लागेल.”

*

कारखान्याचं नाव सांगत नाही, गावही नाही. त्याच्या मागून एक चर वाहतो आणि त्याला बीटासारखा रंग असतो. मी आणि नसरीन तिथे नमुना घ्यायला गेलो होतो. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नव्हती.

बाटली भरून वर चढलो तर समोर वॉचमन. पांढऱ्या मिशा, हातात काठी. नसरीनने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. “सरांचं नाव सांगू नकोस,” ती पुटपुटली. सर तेव्हा नुकते दवाखान्यातून घरी आले होते. त्यांना असला फोन जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

वॉचमनने बाटली मागून घेतली. उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिला. आता ओतून देणार आणि साहेबाला फोन लावणार, असं मी धरून चालले.

“कथा लई चालन्यात?” कुठे नेताय ते त्याने विचारलं.

आपली बोली ऐकून मला जरा धीर आला. “लॅबमा, आबा. तपासाले.”

“तपासीसन काय व्हस?”

मी म्हटलं, “पानीमा काय शे ते कळस.”

त्याने वळून गेटकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. बाटली माझ्या हातात परत दिली आणि आवाज खाली आणला.

“अठे उभ्या ऱ्हाऊ नका, अठे मन्ही ड्युटी शे. जराक खाल चला. तठे मन्हं वावर शे. बोअरनं पानी काढी देस, तेबी लई जा.”

*

नमुन्यांबरोबर तुलनेसाठी एक चांगलं पाणी लागतं. मी आमच्या गावचं आणलं. काकांच्या विहिरीचं. लहानपणापासून तेच प्यालेलं, गोड आणि गार. सोबत असू दे म्हणून, गावाच्या टोकाला धरणाच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, त्याचंही घेतलं.

नळाचं पाणी ठीक निघालं. विहिरीत नायट्रेट इतकं निघालं की मला वाटलं बाटली नीट धुतली नसणार. पुन्हा आणलं, पुन्हा केलं. नसरीनला करायला लावलं. मग सरांकडे गेले. त्या दिवशी त्यांनी ठरलेला प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, “तुझं गाव आहे म्हणून तुला चूक हवीय. चूक नाहीये. घरात तान्हं बाळ आहे का कोणाच्या?”

होतं. अक्काच्या घरात. अक्का म्हणजे याच काकांची बायको, माझी थोरली काकू, तिला सगळा गाव अक्काच म्हणतो. तिच्या सुनेला बाळंतपणानंतर आजार झाला आणि दूध आटलं. नात पावडरच्या दुधावर होती, आणि ते दूध त्याच पाण्यात कालवलं जात होतं.

मी फोन केला नाही. फोनवर अक्का ऐकणार नाही हे मला माहीत होतं. सकाळची गाडी पकडून नरडाण्याला उतरले आणि उन्हातून गावापर्यंत चालत गेले. वाटेत सारखं एकच डोक्यात होतं, बाळाचे ओठ निळे तर पडले नसतील.

बाळ झोळीत झोपलं होतं. मी आधी तिचे ओठ बघितले, मग नखं. गुलाबी होती. मग मी खाली बसले आणि सांगितलं.

काका ओसरीवरूनच म्हणाले, “इहिर मन्हा बापनी खंदेल शे.”

अक्का निवडत असलेल्या तांदळातून हात न काढता म्हणाली, “हाईच पानी पीसन तू एवढी शिकनी.”

“मोठ्यासले काही व्हत नही, अक्का. तान्ह्या लेकरूले व्हस. पोर निळी पडस.”

“आम्ही उकळीसन देतस.”

“उकळीसन ते जात नही. उलटं वाढस.”

“मन्हा तीन आंडोर याच पानीवर वाढनात. त्या काय निळा पडनात?”

त्या तिन्ही मुलांना आईचं दूध होतं, हे मी सांगितलं. खतं तेव्हा एवढी नव्हती, तेही सांगितलं. सून दाराआडून ऐकत होती. काका उठून गोठ्याकडे गेले आणि परत येऊन तिथेच बसले. अक्काने सूप आपटून कोंडा उडवला. शिकलेल्या पोरी घरात येऊन घरालाच नावं ठेवतात, असं काहीतरी ती पुटपुटली. मला रडू येईल असं वाटायला लागलं. घसा उन्हाने कोरडा पडला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात आल्याबरोबर मला कोणी पाणी विचारलं नव्हतं.

मीच म्हटलं, “अक्का, तीस लागनी. पानी तरी दे ना.”

ती उठली. माठातून तांब्या भरला, पदराने त्याचं बूड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हात पुढे केला.

तांब्या माझ्या हातात आला नाही. अक्का झोळीकडे बघत होती. मग ती दाराशी गेली, तांब्या जास्वंदीच्या बुडाशी रिकामा केला, कोपऱ्यातला हंडा उचलून कमरेवर घेतला आणि पायात चपला सरकवल्या.

“कथा चालनी आते उनमा?” काकांनी विचारलं.

“नळवर,” अक्का म्हणाली. “पोरले तीस लागनी.”