कितव्या आकड्याला झोपला?

क्लोरोफॉर्म द्यायला डोक्याशी उभं राहिलं की माणसाच्या तोंडून काय काय ऐकायला मिळतं! सोलापुरात मी कंपाउंडर होतो तेव्हाचं एवढं साठलंय, की एक सांगायला बसलो तर चार पुढे घुसतात. त्यात आमच्या डॉक्टरसाहेबांना संशोधनाचं वेड. पेशंट कितव्या आकड्याला झोपतो ते वहीत टिपायचं आणि विलायतेच्या मासिकात लेख धाडायचा! मी तोंडावरच्या जाळीवर थेंब सोडायचे, रेबेका सिस्टरनी नाडी धरायची आणि पेशंटने मोजायचं.

*

पहिलाच पेशंट मेंढपाळ निघाला. "आकडे येत न्हाईत," म्हणाला. "मेंढरांची नावं येत्यात."

"तीच सांग!" साहेब म्हणाले.

"भुरी, लंगडी, कानतुटी, बांडी..." छान चाललं होतं. जीभ जडावली, आणि गडी ताडकन उठून बसला. "काळी कुटं हाय?"

चौघांना आवरेना. शेवटी मीच म्हणालो, "बाहेर बांधलीय, बाबा." तसा निमूट आडवा झाला.

साहेबांनी वहीत लिहिलं : 'चौदा मेंढ्या. एक गैरहजर.'

*

भवानी पेठेतल्या एका विणकर बाईला फक्त तेलुगू यायचं. साहेब प्रत्येक शब्दाला एक रेघ ओढत होते. साठ रेघा झाल्या तरी बाई थांबेना. आवाज उलट चढलेला! साहेबांनी घाबरून दारातल्या नवऱ्याला विचारलं, "कितीवर आल्या?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आकडे कवाच संपले की, साहेब. आता माझ्या आईला शिव्या चालल्यात."

*

उपाशीपोटी यायचं, असं वैरागच्या पैलवानाला तीनदा बजावलं होतं.

"काही खाल्लं नाहीस ना?"

"न्हाय की. निस्तं दूध."

"किती?"

पैलवान लाजला. "मोजलं न्हाय. म्हशीखालीच बसलो हुतो!"

*

एका वकिलांनी संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला. "बेशुद्धीत जे घडेल त्याला माझी संमती कशी धरता येईल?"

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. मग शुद्धीवर असतानाच कापतो."

वकिलांनी दोनदा सही केली.

*

आणि हा किस्सा खुद्द साहेबांचा. त्यांच्या काखेत गळू झालं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी ऐट कायम! टेबलावर पडताना म्हणाले, "मन खंबीर असलं की पन्नासपर्यंत सहज जाता येतं. नीट टीप!" कापायला बाहेरून आलेले डॉक्टर तिकडे हात धूत होते.

मी जाळी ठेवली. साहेब सुरू झाले. सातपर्यंत खणखणीत, आठला आवाज घोगरा, नऊ... आणि गप्प. मान कलंडली.

सिस्टर ओरडल्या, "अरे, किती ओतलंस?"

मी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. बूच अजून लावलेलंच!

सिस्टरनी नाडी चाचपली. चालू होती. एवढ्यात साहेब घोरायला लागले. मग मी बूच काढलं आणि रीतसर थेंब सुरू केले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "किती?"

"एक्कावन्न," मी म्हणालो. सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या.

साहेबांनी मला दार लोटायला लावलं. मग हळूच म्हणाले, "खोटं बोलू नकोस. नवाच्या पुढचं मला काही आठवत नाही. ती बाटली वेगळी काढून ठेव. काय जालीम माल आहे!"