साय मागे राहते

मोठ्या ताई म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षातल्या मुख्य परिचारिका. टापटिपीचं त्यांना भारी वेड. प्रत्येक काचपेटीशेजारचा दुधाचा पंप एका रेषेत, सिरिंजचं तोंड खाली, लांब नळी नीट वळवलेली. नळीतून दूध थेंबाथेंबाने बाळाच्या पोटात जाई. बघणाऱ्याचे डोळे निवत.

तिसऱ्या पेटीतलं बाळ मात्र अंगच धरत नव्हतं. एवढंसं, म्हणून सगळे त्याला ‘ओंजळ’ म्हणत. त्याची आई शिवणकाम करणारी, रोज दूध काढून आणणारी. त्या दिवशी मात्र ती रिकाम्या हातांनी आली.

“ताई, आता बंद करते. सासूबाई म्हणतात, तुझं दूध म्हणजे नुसतं पाणी.”

“चाखून पाहिलं वाटतं त्यांनी?”

ती हसली नाही. डोळे मात्र भरून आले.

बोलता बोलता ताईंनी पंपातली संपलेली सिरिंज काढली. तुपकट लागून अंगठा सटकला. आत वरच्या टोकाला पिवळसर थर चिकटला होता. त्यांनी सिरिंज उजेडात धरली आणि कक्षातल्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

“साय आहे ही!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दूध तासभर स्थिर राहिलं की स्निग्धांश वर चढतो. तोंड खाली, म्हणून पातळ आधी जातं. साय मागे राहते, नाहीतर या लांब नळीला चिकटते.”

“म्हणजे बाळाला ताक आणि लोणी कचऱ्यात! आणि ही रांग लावली मीच,” ताई म्हणाल्या.

“रांग देखणी होती हो. पण मोडू या.”

त्याच दुपारी पंप तिरके झाले, सिरिंजची तोंडं वर आली, नळ्या आखूड झाल्या. शोभा पार गेली. ताईंनी आईच्या हातात स्वच्छ बाटली ठेवली. “दूध तुझं सकस आहे, बाई. आमचाच हात उलटा होता. आण.”

तिने आणलं. काही दिवस वजनाच्या काट्याने नुसतं खेळवलं, मग तो सरकला आणि सरकतच राहिला. ओंजळीच्या गालांवर गुबगुबीतपणा आला. सासूबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, “बघा, आमच्या घरचं दूधच तसं!”

“पाणी ना ते?” सुनेने विचारलं.

“मी कधी म्हटलं?”

सून पोट धरून हसली. मग ताईंकडे वळून म्हणाली, “ताई, आणखी बाटल्या द्या. या पुरायच्या नाहीत.”