शेवटून दुसरी गाडी

काका यादी खालून वर लिहायचे. आधी कागदाच्या तळाशी स्वतःचं नाव, मग त्याच्या वर दुसऱ्याचं, आणि असं चढत चढत सगळ्यात पुढची गाडी सगळ्यात शेवटी. "पुढे कोणीही जाईल," ते म्हणायचे, "मागे कोण राहणार ते आधी ठरवायला लागतं."

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या पॅकेजिंगच्या कारखान्यात ते मेंटेनन्स बघायचे, मी क्वालिटीत होते. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, शर्टाच्या खिशात कायम टायरची हवा मोजायचा काटा असलेला माणूस. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल. सहल त्याने ठरवायची, यादी त्याने करायची, नावं त्याने ठेवून घ्यायची, आणि जागेवर पोचल्यावर मजा इतरांनी करायची.

सप्टेंबर लागला की जेवणाच्या सुट्टीत ते डबा बाजूला सारून कागद काढत. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी वाळूत गाड्या घालायच्या, हा त्यांचा नेम. जागाही ठरलेली. शारजाच्या पुढे गाफच्या झाडांचं सरकारी राखीव रान आहे. त्याच्या कडेने गाड्यांची वाट जाते आणि पुढे टेकड्या सुरू होतात. वाट सोडून झाडांत गाडी घालायची नाही अशी तिथे पाटी आहे. काकांना पाटीची गरज नव्हती. "ही आपली शमी आहे," ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "दसऱ्याला पूजा करता आणि शनिवारी अंगावर गाडी घालता, असं चालणार नाही." आदल्या आठवड्यात ते एकटे जाऊन वाट बघून येत, कुठे नवी रोपं आलीत ते कागदावर खुणा करून आणत.

कोणी म्हणालं, "काका, इन्शाल्ला येतो," की ते पेन थांबवत. "इन्शाल्ला राहू दे. येणार की नाही ते सांग. पाणी किती लिटर आणणार ते सांग." आम्ही हसायचो. पिकनिकला चाललोय की लढाईला, असं कोणीतरी म्हणायचंच. ते चिडत नसत. पाण्याचा आकडा मिळेपर्यंत समोरून हलतही नसत.

त्यांचा नियम एकच होता. प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात ठेवायची. ती दिसेनाशी झाली की पुढच्या उंचवट्यावर थांबायचं आणि दिसल्याशिवाय हलायचं नाही. त्यामुळे कोणीतरी अडकलं की सगळी रांग आपोआप थांबायची. शेवटची गाडी काकांची. म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणारं माणूस एकच, शेवटून दुसरं.

मला वाळूत गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. पहिली तीन वर्षं माझं नाव यादीत वरून दुसरं असायचं, कारण कच्च्या माणसाला पुढच्या गाडीच्या लगेच मागे ठेवतात. मी दरवर्षी कुरकुर करायची. चौथ्या वर्षी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. तळाशी ते, आणि त्यांच्यावर लगेच मी. "आता जमतंय तुला," एवढंच म्हणाले. मी त्या कागदाचा फोटो काढून आईला पाठवला.

त्या शनिवारी आम्ही सात गाड्या होतो. ऑक्टोबरमध्ये ऊन अजून उतरलेलं नसतं, म्हणून नऊच्या आत वाळूतून बाहेर पडायचं ठरलं होतं. पण एकाने नवीकोरी गाडी आणली होती, ती दोनदा रुतली. काकांनी दोन्ही वेळा स्वतः फावडं मारलं. साडेदहा वाजले. त्यांचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "काका, बसा ना थोडं." ते म्हणाले, "यल्ला, निघा. बसायचं ते घरी."

शेवटच्या टेकड्या उरल्या होत्या. वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, "टायर रिंगमधून सुटलाय वाटतं. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." हे ते नेहमीच म्हणत. कधी कोणी टाकलेली बाटली उचलायला मागे राहत, कधी एखाद्या रोपाभोवतीची वाळू सारखी करायला. दर वेळी पाच मिनिटांत आरशात येत.

मी उंचवट्यावर चढले. आरशात बघितलं की नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता खरं उत्तर माझ्याकडे उरलेलं नाही. पुढे उतारावर मऊ वाळू होती, सहाही गाड्यांत मीच मागे पडले होते, आणि मला न अडकता खाली जाऊन दाखवायचं होतं. मी थांबले नाही. छान उतरले. खाली टाळ्या वाजल्या.

तिथे डांबरी रस्त्याच्या कडेला सगळ्यांनी वाळूसाठी कमी केलेली टायरची हवा पुन्हा भरायला घेतली. सहा पंपांचा आवाज, थर्मासमधला चहा, रुतलेल्या गाडीची थट्टा. पुढची गाडी चालवणारा आमच्या स्टोअरचा मल्याळी सुपरवायझर कप खाली ठेवत मला म्हणाला, "काका किधर है?"

मी घड्याळ बघितलं. खाली उतरून अर्धा तास झाला होता.

ते गाडीच्या सावलीत होते. जॅक लावलेला, खाली लाकडी फळी नीट बसवलेली, चाकाचे तीन नट काढून टोपीत ठेवलेले. ते कुशीवर पडले होते आणि वॉकीटॉकी गाडीत सीटवर होती. अँब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. सुपरवायझरने विचारलं, लवकर आणलं असतं तर? डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत की मान हलवली नाही. "कदाचित," म्हणाले. तो शब्द मी घेऊन फिरते.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच आमचं ठरलं. खरं तर कोणी ठरवलं नाही, कोणीतरी म्हणालं, "काकूंना अर्ध्या तासाचं कशाला सांगायचं," आणि बाकीचे गप्प राहिले. मीही त्यातलीच.

महिन्याने मी काकूंकडे गेले. शारजात, रोल्लाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खोकी भरून ठेवली होती, काकू कायमच्या साताऱ्याला निघाल्या होत्या. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. गाडीत दोनदा मोठ्याने बोलूनही बघितलं होतं. मुलगी आतून म्हणाली, "मम्मा, द मूव्हर्स आर कमिंग ॲट फोर." काकू म्हणाल्या, "येऊ देत. ही आलीये, हिला फराळाचं देते आधी."

खोक्यांवरच बशी ठेवून आम्ही बसलो. दिवाळी त्यांनी केली नव्हती, चकल्या शेजारणीने दिल्या होत्या. थोडा वेळ त्या तिकिटांचं, सामानाचं बोलल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक विचारू का गं? ते दिसेनात म्हटल्यावर तुम्ही लगेच मागे गेलात ना?"

तोंडात सगळं तयार होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "लगेच."

त्यांनी मोठा श्वास सोडला. महिनाभर धरून ठेवला असावा तसा. "मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी म्हटलं, आता वय झालं, कशाला मागे राहता. तर म्हणाले, यंदा पुढे ती आहे, काळजी करू नकोस. ती मागे बघून चालवते."

काकूंनी माझ्या बशीत आणखी एक चकली ठेवली, आणि मी ती खाल्ली.