मेंढरं दुसऱ्यांदा चालत नाहीत

आम्ही माहितीपटवाले एकत्र बसलो की झालेल्या फिल्मबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती करताना काय काय घडलं, तेच निघत राहतं. सातारा-सांगलीकडचे असे थोडे किस्से माझ्याकडेही साठलेत.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी सांगलीत एका फोटो स्टुडिओत निगेटिव्ह धुवायचो. मुंबईहून गोखलेसाहेब हळदीवर छोटी फिल्म करायला आले. त्यांना सामान उचलणारा, वाटा दाखवणारा माणूस हवा होता. मालकांनी मला दोन दिवसांसाठी दिलं. मी परत गेलोच नाही.

पहिल्याच दिवशी हळदीच्या पेवावर गेलो. पेव म्हणजे जमिनीखालचं खोल कोठार. साहेबांनी मला तुकाराम हमालाकडे पाठवलं. उतरताना जरा हसायला सांग म्हणाले. तुकाराम आत कंदील सोडून बघत होता.

"आत हवा हाय का न्हाई ते बघून उतरतो आमी," तो म्हणाला. "हसायचं कवा?"

साहेबांनी ते ऐकलं. मग त्यांनी कॅमेऱ्यात फक्त खाली जाणारा कंदील घेतला.

•

वडील साताऱ्याजवळच्या आमच्या गावात ऊस करायचे. फौजेतून हवालदार होऊन आलेले. मी नोकरी सोडल्याचं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात बढती कशी मिळती?"

मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. ते उठून उसाला पाणी द्यायला गेले. पुढं वर्षभर ते गावात सांगायचे, पोरगं फोटो खात्यात हाय. असं खातंच नाही, हे माझ्याच्यानं सांगवलं नाही.

•

एकदा आटपाडीकडं माळावर एक मेंढपाळ कळप घेऊन जात होता. आमचा फोकस चुकला. साहेबांनी मला पळवलं, पुन्हा चालत या म्हणून सांगायला.

म्हातारा थांबला. "मी यीन माघारी. त्यास्नी कसं सांगू? फुडं चारा हाय."

मी परत येऊन तसंच सांगितलं. त्यानंतर साहेबांनी कुणालाच पुन्हा चालायला लावलं नाही.

•

पुढं आम्ही फौजींच्या घरांबद्दल फिल्म करत होतो. पाटणला साहेब तापानं आडवे झाले आणि कॅमेरा पहिल्यांदा माझ्या हातात आला. जवळच्याच गावात हौसामावशी राहायच्या. त्यांचा मुलगा शंकर एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. पलटणीतून आलेली त्याची काळी पेटी कोपऱ्यात होती.

चूल टिपून झाली, अंगण झालं. मग मावशींनी आपणहून पेटी ओढली आणि कुलूप काढलं. वर इस्त्रीचा गणवेश होता. त्यांचा हात त्यावर गेला आणि तिथंच राहिला. मला बघवेना. मी कॅमेरा बंद करून खाली घेतला.

कॅमेऱ्याची घरघर थांबली तशी त्यांनी मान वर केली.

"का थांबलास रं?"

"मावशी, तुमास्नी तरास नको म्हणून."

"चार वर्सं झाली, समदी पेटीकडं पाठ करूनच बसत्यात," त्या म्हणाल्या. "तू तरी बघ."

मी कॅमेरा उचलला. मावशींनी गणवेशाची पहिली घडी उलगडली.